खाडा, सुट्टी आणि रजा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

सुट्टीच्या दिवशी सुट्टीवरच बोलायची संधी मिळाली आहे. पण सुरुवात मी सुट्टीपासून करणार नाही. सुरुवात करतो ती भोंग्यापासून.

माझे बालपण सोलापुरात गेले. तेव्हाचे सोलापूर म्हणजे गिरण्यांचे गाव. आमच्या गल्लीत घड्याळ असलेली घरे थोडी, पण वेळ सगळ्यांना कळायची. पहिला भोंगा झाला की चुली पेटायच्या, दुसरा झाला की सायकली निघायच्या. माझे अब्बा एका गिरणीत साचेखात्यात होते. अम्मी घरी बसून बिड्या वळायची. शेजारी तेलुगू बोलणारे पद्मशाली, समोर कानडी बोलणारे लिंगायत, आम्ही दखनी बोलणारे. भोंग्याची भाषा मात्र सर्वांना सारखी कळत होती.

कामावर न जाण्याला आमच्या गल्लीत तीन शब्द होते. सुट्टी, रजा आणि खाडा. सुट्टी शाळेतल्या मुलांना असे. रजा कचेरीतल्या साहेबांना असे. अब्बांसारख्या माणसाच्या वाट्याला येई तो खाडा. कामाला गेला नाहीत, तर पगारातून तेवढा दिवस वजा. आजारी पडा, मयताला जा, घरी पाहुणे येवोत, मूल जन्माला येवो, हिशेबात सगळ्याचे नाव एकच, खाडा.

मी कवी माणूस. कायद्याचा अभ्यासक नव्हे, बी. ए. पर्यंत शिकलेला. पण शब्दांच्या मागे जाण्याची खोड आहे. 'सुट्टी' आपल्या 'सुटणे' या क्रियापदाशी नाते सांगते. दावे सोडले की बैल सुटतो, घंटा झाली की शाळा सुटते. 'रजा' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आला. त्याचा मूळ अर्थ संमती, खुशी. 'राजी होणे' आणि 'राजीनामा' हे त्याचेच सगेसोयरे. म्हणजे रजा ही मुळात देणाऱ्याच्या मर्जीची गोष्ट. मालक राजी असेल तर रजा, नाहीतर नाही. 'पगार' हा शब्द पोर्तुगिजांनी दिला. त्यांच्या भाषेत 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणे. 'हक्क' पुन्हा अरबी. आता हे शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहा, 'हक्काची पगारी रजा'. जी गोष्ट मर्जीची होती ती हक्काची झाली, आणि जी बिनपगारी होती ती पगारी झाली. एवढा प्रवास व्हायला आपल्याकडे जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या प्रवासाची गोष्ट आज सांगायची आहे.

त्याआधी घरची एक गोष्ट. साल १९७६. अब्बा तेव्हा गिरणीत 'बदली' होते. बदली म्हणजे कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी उभा राहणारा माणूस. रोज डबा घेऊन गिरणीच्या दारात जायचे, कुणी गैरहजर असेल तर काम मिळायचे, नाहीतर भरलेला डबा घेऊन परत. त्या वर्षी अब्बांनी मनाशी ठरवले होते की दिवस भरले तर पगारी रजा घ्यायची आणि अम्मीला गुलबर्ग्याच्या बंदेनवाजांच्या उरुसाला न्यायचे. पावसाळ्यात मला विषमज्वर झाला. तीन दिवस सरकारी दवाखान्यात अब्बा माझ्या उशाशी बसून होते. वर्ष संपल्यावर टाइमकीपरने हजेरी मोजली आणि म्हणाला, "मियाँ, दोनशे सदतीस भरतात. कायद्याने दोनशे चाळीस लागतात. माझ्या हातात काही नाही."

अब्बा घरी आले आणि अम्मीला एवढेच म्हणाले, "तीन दिन कम पडे." मी जागा होतो. ते तीन दिवस माझे होते, हे मला त्या वयातही समजले. हे दोनशे चाळीस कुणी ठरवले, का ठरवले, आणि त्याआधी काय होते, हे समजायला मात्र पुढची कित्येक वर्षे गेली.

त्याआधी काय होते? आपल्या गावगाड्यात विश्रांतीचे दिवस नव्हते असे नाही. अमावास्येला गवंडी काम बंद ठेवतात, ती रीत आजही पुष्कळ ठिकाणी आहे. बैलाला तर पोळ्याचा दिवस आहेच. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्याला न्हाऊ घालतात, पुरणपोळी चारतात. कष्ट करणाऱ्याला थांबू द्यावे, ही समज आपल्याला होती. पण ती शेताची समज होती. यंत्राला अमावास्या नसते.

मुंबईत कावसजी दावर यांनी पहिली कापड गिरणी काढली ती १८५४ मध्ये. तिचे उत्पादन सुरू झाले १८५६ मध्ये. पुढच्या तीस वर्षांत गिरण्यांची चिमणी परळ-लालबागची ओळख बनली. विजेचे दिवे यायचे होते, त्यामुळे कामाची वेळ सूर्याने ठरवलेली. उजाडल्यापासून मावळेपर्यंत. थंडीत दिवस लहान म्हणून काम कमी, उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम तेरा-चौदा तासांपर्यंत. आठवड्याची सुट्टी ठरलेली नाही. सणावाराला गिरणी बंद राहिली तर राहिली. एखाद्या रविवारी यंत्र थांबले, तरी ते पुसायला कामगारानेच यायचे.

१८८१ मध्ये हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा आला. शंभर वा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरता. त्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी होती. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास काम आणि महिन्याला चार सुट्ट्या. सात वर्षांचे मूल नऊ तास काम करते, ही त्या काळची सुधारणा होती! आणि मोठ्या माणसांसाठी, बायकांसाठी, कायद्यात काहीच नव्हते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या कायद्यांमागे सगळीच कणव नव्हती. मुंबईचे स्वस्त कापड लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना सलत होते. इकडच्या गिरण्यांवर बंधने आली तर त्यांना ती हवीच होती. म्हणून आपल्याकडची बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रे या कायद्यांच्या विरोधात होती. देशी उद्योग मारण्याचा हा डाव आहे, असे ती म्हणत. त्यात तथ्यही होते. पण या भांडणात सकाळी अंधारात उठून गिरणीत जाणाऱ्या माणसाला कुणी विचारलेच नव्हते. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखा एखादा पारशी सुधारक त्याच्या बाजूने बोलत होता, आणि दुसरा एक माणूस गिरणीच्या आतून बोलू लागला होता.

त्याचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. १८४८ मध्ये ठाण्यात जन्मलेला, फुल्यांच्या सत्यशोधक विचारात घडलेला. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी करून मांडवीतल्या एका कापड गिरणीत तो स्टोअरकीपर झाला. म्हणजे कामगारांचे हाल त्याने पुस्तकात वाचलेले नव्हते, रोज पाहिलेले होते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात १८७७ मध्ये सुरू केलेले 'दीनबंधु' हे पत्र १८८० मध्ये लोखंड्यांनी मुंबईत चालवायला घेतले आणि त्यातून गिरणीतल्या माणसाची गाऱ्हाणी छापून येऊ लागली.

१८८४ मध्ये लोखंड्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. त्याच वर्षी सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर भरपाई मिळावी. इतकेच. आज वाचताना वाटते, या माणसांनी चंद्र मागितला नव्हता. पण हे मिळायलाही सहा वर्षे लागली.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारही त्या सभेत बोलल्या. १८९० साली, दहा हजारांच्या सभेत, गिरणीत काम करणाऱ्या दोन बायका उभ्या राहून बोलल्या, हे मला फार मोठे वाटते. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. दुसऱ्या वर्षी, १८९१ च्या कायद्यात, आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली.

रविवारच का, असे कुणी विचारते. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून लोखंड्यांनी तो मागितला, असे सांगितले जाते. साहेबाचा चर्चचा वारही तोच. आमच्या मालेगावच्या यंत्रमागांना शुक्रवारची सुट्टी असते. खरे तर इस्लाममध्ये शुक्रवार हा विश्रांतीचा दिवस नाही, तो एकत्र नमाज पढण्याचा दिवस आहे. नमाज झाली की कामाला लागायला मोकळीक आहे. पण माग चालवणाऱ्याला श्वास घ्यायला एक दिवस हवा होता, तो त्याने शुक्रवारात शोधला. वार कोणताही असो, दमलेल्या शरीराला तो सातातून एकदा लागतोच.

लोखंड्यांबद्दल आणखी एक सांगतो आणि पुढे जातो. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल पेटली. तेव्हा दोन्ही बाजूंत सलोखा व्हावा म्हणून हा माणूस धडपडला. १८९६ मध्ये प्लेग आला, तेव्हा रुग्णांची सेवा करताना त्यालाच प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी तो गेला. वय पन्नासही नव्हते. २००५ मध्ये टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. ज्या खात्यात कधी काळी नोकरी केली, त्याच खात्याच्या तिकिटावर तो आला. पण आपण दर रविवारी उशिरा उठतो तेव्हा त्याची आठवण किती जणांना होते?

आता गोष्टीचा दुसरा भाग. सुट्टी तर मिळाली, पण तिचा पगार? कायद्याने मालकाला एवढेच सांगितले होते की आठवड्यातून एक दिवस काम घेऊ नकोस. त्या दिवसाचे पैसे दे, असे सांगितलेले नव्हते. साचेवाला किती कापड विणले त्यावर पैसे घ्यायचा. कापड नाही तर पैसे नाहीत. म्हणजे शरीराला विश्रांती मिळाली ती पोटाला चिमटा घेऊन. बिनपगारी सुट्टी ही गरिबाला अर्धीच सुट्टी असते. तो घरी बसतो, पण मन हिशेब करत राहते.

कामाचे तास हळूहळू उतरत गेले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांना बारा तासांची मर्यादा आली. १९२२ मध्ये दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तास. १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत दिवसाला दहा आणि आठवड्याला चौपन्न. पण वर्षाकाठी सलग काही दिवस पगारासह मोकळे, ही कल्पना या कोणत्याही कायद्यात नव्हती.

गरज मात्र फार होती. मुंबईचा गिरणी कामगार एक पाय गावात ठेवून जगत होता. कोकणातला, घाटावरचा. शिमगा, गणपती, पेरणी, कापणी, बहिणीचे लग्न, बापाचे आजारपण, यासाठी गावी जावेच लागे. जायचे तर बिनपगारी. आणि परत आल्यावर जागा शिल्लक असेल याची खात्री नाही. जागा राहायची की जायची, ते जॉबरच्या हातात. त्याचा हात ओला करावा लागे. कामगार गैरहजर फार राहतात, अशी मालकांची तक्रार असे. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ मध्ये अहवाल दिला, त्यात या प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. कामगाराला ठरावीक मुदतीची रजा मागायला उत्तेजन द्या आणि वेळेवर परतला तर त्याचे जुने काम त्याला मिळेल असे वचन द्या, असे आयोगाने सुचवले. म्हणजे १९३१ मध्येही प्रश्न रजेच्या पगारापर्यंत पोहोचलाच नव्हता. परत आल्यावर नोकरी शाबूत असावी, इथेच तो अडकला होता.

मग १९३६ साल उजाडले. फ्रान्समध्ये लिऑन ब्लुम यांचे सरकार आले, देशभर संप झाले आणि कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली. हजारो कामगार कुटुंबांनी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पगारी रजेचा करार संमत केला. वर्षभराच्या नोकरीनंतर निदान सहा दिवस, असे त्याचे माप होते. १९३८ मध्ये ब्रिटनमध्येही पगारी रजेचा कायदा झाला. वारा सुटला होता. तो आपल्याकडे पोहोचायला मधे एक महायुद्ध जावे लागले.

आपल्याकडे तो कायदा आणणारा माणूस कोण, हे पुष्कळांना ठाऊक नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. बाबासाहेब म्हटले की आपल्याला संविधान आठवते, चवदार तळे आठवते. पण हा माणूस परळच्या बीआयटी चाळीत कित्येक वर्षे राहिलेला होता. भोंगा त्यांनीही ऐकला होता. पाळी सुटल्यावर गिरणीतून बाहेर पडणारी माणसे त्यांनी खिडकीतून पाहिली असतील. १९४४ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात कारखाना कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. १९४५ मध्ये ते संमत झाले आणि १ जानेवारी १९४६ पासून अमलात आले. बारमाही कारखान्यात बारा महिने सलग नोकरी झालेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची पगारी रजा, आणि लहान वयाच्या कामगाराला चौदा दिवस.

दहा दिवस. लोखंड्यांच्या रविवारानंतर पंचावन्न वर्षांनी गिरणीतल्या माणसाला पगारासह घरी बसण्याचा हक्क मिळाला. रजा 'मर्जी'तून सुटून 'हक्का'त आली ती या तारखेला.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला. त्याने हिशेब बदलला. सरसकट दहा दिवस न देता, काम केलेल्या दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा. मुलांसाठी दर पंधरा दिवसांमागे एक. १९५४ च्या दुरुस्तीने अट घातली की वर्षात निदान २४० दिवस काम झालेले असले पाहिजे. २४० ला वीसने भागा, बारा येतात. म्हणजे अट पुरी केली की निदान बारा दिवस हातात. टाइमकीपरने अब्बांना सांगितलेल्या आकड्याचा पत्ता हा असा लागला.

कायदा निर्दय नव्हता, हेही सांगितले पाहिजे. मालकाने काम नाही म्हणून घरी बसवलेले दिवस, बाळंतपणाच्या रजेचे दिवस, आधीच्या वर्षी कमावलेली आणि आता घेतलेली रजा, हे सगळे २४० मध्ये धरायचे असे कलम होते. न घेतलेली रजा तीस दिवसांपर्यंत पुढच्या वर्षात नेता येई. रीतसर मागूनही मालकाने नाकारली, तर ती कितीही साठवता येई. रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी करायचा. चार दिवसांहून कमी नसलेली रजा मंजूर झाली की तिचा पगार जाण्याआधी हातात द्यायचा. हे शेवटचे कलम ज्याने लिहिले त्याला गरिबाचे घर माहीत होते. खिशात पैसे नसताना सुट्टी घेऊन माणूस जाणार कुठे?

पण हा सगळा हिशेब कायम माणसाला डोळ्यापुढे ठेवून केलेला होता. कायम कामगार वर्षात तीनशेच्या आसपास दिवस भरतो, त्याला २४० चा उंबरठा सहज ओलांडता येतो. बदलीवाल्याचे तसे नसते. त्याला काम मिळणे त्याच्या हातात नाही. तो रोज दारात उभा असतो, पण दारात उभे राहिलेले दिवस हजेरीत धरत नाहीत. मुंबईत १९३५ पासून बदलीवाल्यांची नोंद ठेवण्याची पद्धत आली, तरी माणसे वर्षानुवर्षे बदलीच राहत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तेव्हा पगारवाढीबरोबर बदलीवाल्यांना कायम करा, ही मागणी होतीच. त्या संपानंतर काय झाले ते सर्वांना माहीत आहे. जिथे भोंगे वाजत तिथे आता मॉल आणि मनोरे आहेत.

कारखान्याबाहेरच्या माणसाचे काय? दुकानातला नोकर, पेढीवरचा कारकून, हॉटेलातला पोऱ्या. या बाबतीत मुंबई प्रांत देशात पहिला ठरला. दुकाने व आस्थापनांसाठीचा पहिला कायदा १९३९ मध्ये इथे झाला. १९४८ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्राने पुन्हा नवा केला. त्यात वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा, २४० दिवस भरल्यावर दर वीस दिवसांना एक दिवस हक्काची रजा, ती पंचेचाळीस दिवसांपर्यंत साठवण्याची मुभा, आणि आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आल्या. त्यातल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. बाकीच्या चार मालक आणि नोकर यांनी मिळून ठरवायच्या. ही तरतूद मला आवडते. ज्याला ईद हवी त्याने ईद मागावी, ज्याला दिवाळी हवी त्याने दिवाळी. पण २०१७ मध्ये हा कायदा आला तेव्हा दहाहून कमी माणसांची दुकाने त्यातून बाहेर राहिली. आपल्या गल्लीतले बहुतेक किराणा दुकान एवढेच असते.

आता अलीकडची गोष्ट. २०२० मध्ये संसदेने कामगार कायद्यांच्या नव्या संहिता संमत केल्या. त्यातली कामाच्या ठिकाणची सुरक्षितता आणि आरोग्य यांविषयीची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९४८ च्या कारखाना कायद्याची जागा तिने घेतली. या संहितांबद्दल मतभेद पुष्कळ आहेत, कामगार संघटनांचे आक्षेप आहेत, त्यात मी शिरत नाही. पण रजेच्या कलमात एक आकडा बदलला आहे. २४० च्या जागी १८०. वर्षात १८० दिवस काम झाले की दर वीस दिवसांना एक दिवस रजा.

हे वाचले तेव्हा मी कागद घेऊन २३७ ला वीसने भागले. पावणेबाराच्या वर येतात. अब्बांचे बारा दिवस झाले असते. गुलबर्ग्याला जाऊन, उरूस करून, अम्मीच्या माहेरी आठवडाभर राहून आले असते. एकोणपन्नास वर्षे उशीर झाला, एवढेच.

पण समाधान मानून थांबावे असे नाही. उंबरठा खाली आणला तरी त्याच्या बाहेर उभी राहिलेली माणसे पुष्कळ आहेत. कंत्राटावरच्या पोराला काही महिने झाले की 'ब्रेक' देतात; कामाचे दिवस सलग भरू नयेत याची काळजी घेतात. माझ्या अम्मीसारख्या घरी बिड्या वळणाऱ्या बायका आहेत. १९६६ च्या बिडी कामगार कायद्यातही वीस दिवसांना एक दिवस रजा लिहिलेली होती. पण पान, तंबाखू, सूत घरी आणून हजारावर मजुरी घेणाऱ्या बाईची हजेरी मांडायची कुणी? तिच्या हाताखाली सूप असते, मांडीवर मूल असते आणि चूल समोर असते. माझ्या आयुष्यात मी अम्मीला रजेवर पाहिले नाही. घरोघर धुणीभांडी करणाऱ्या बाईला तर आपण स्वतःच मालक आहोत. ती दोन दिवस आली नाही की पैसे कापावेत का, हा प्रश्न कायद्याने नव्हे, आपण सोडवायचा आहे.

आणि 'खाडा' हा शब्द? गिरण्यांबरोबर तो गेला असे मला वाटत होते. तो गेला नाही. तो उसाच्या फडात आहे. बीडकडची नवरा-बायकोची जोडी, जिला तिथे 'कोयता' म्हणतात, उचल घेऊन कारखान्यावर जाते. एक दिवस काम चुकले तर खाडा. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर पाचशे रुपयांपर्यंत दंड कापला जातो, अशी तिथल्या बायकांची तक्रार आहे. पाळीच्या त्रासात खाडा पडू नये म्हणून गर्भाशय काढून टाकलेल्या स्त्रियांच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारला समिती नेमावी लागली. १८९० मध्ये दोन बाया महालक्ष्मीच्या मैदानात उभ्या राहून बोलल्या होत्या. त्यांनी जे मागितले ते या बायांपर्यंत अजून पोहोचलेले नाही.

अब्बा पुढे दोन वर्षांनी कायम झाले. त्यांना रजा मिळू लागली. पण सवय अशी लागलेली, की रजा घ्यायला त्यांचा हात धजत नसे. साठवून ठेवायचे. कशासाठी, विचारले तर म्हणत, "कुणी आजारी पडले तर?" १९९० नंतर गिरणी बंद पडली. अब्बा गेल्यावर ट्रंकेत त्यांचे रजेचे पुस्तक सापडले. फार थोडी पाने भरलेली होती. एका पानावर पेन्सिलीने एक आकडा लिहिलेला होता, २३७. त्याच्याखाली तीन बारीक रेघा. त्यांनी त्यावर मला कधी एक शब्दही ऐकवला नव्हता.

आज रविवार आहे. चहा पिताना हे भाषण तुम्ही ऐकले असेल. आपल्या हातातला हा दिवस कुणीतरी मागून आणलेला आहे, एवढे लक्षात असू द्या. आणि आपल्या घरी, दुकानात, शेतात कुणी काम करत असेल, तर उद्या तिला किंवा त्याला एकदा विचारा, "तुझी सुट्टी कधी असते?"